‘बाजारबुणगे’ विकाऊ नसतात

एका वाचकाने विचारलं आहे: “सभेत एका पुढाऱ्याने पक्ष सोडून गेलेल्यांना ‘बाजारबुणगे’ म्हटलं. म्हणजे विकले गेलेले लोक, असाच अर्थ ना? एकट्या माणसाला बाजारबुणगा म्हणायचं की बाजारबुणगे? आणि लाखभर बाजारबुणगे बरोबर नेले म्हणून आपण पानिपत हरलो, हे खरं का?”

पहिल्याचं उत्तर: नाही. विकाऊ माणसासाठी मराठीत ‘विकाऊ’ आहे, ‘भाडोत्री’ आहे, आणखी खमंग शब्दही आहेत. ‘बाजार’ दिसला की लगेच लिलाव आठवायचा, ही सवय हल्ली फार झाली आहे. गेल्या महिन्यात तर मी ‘बाजारभुंगे’ असंही ऐकलं, तेही माईकवरून. हा बाजार म्हणजे तुमची मंडई नव्हे. हा लष्कराचा बाजार. सोलापूरला, साताऱ्याला ‘सदर बाजार’ नावाचे भाग आहेत ना, त्या जातीचा: छावणीला लागून बसलेला, छावणीवर जगणारा आणि छावणीला जगवणारा. फौज हलली की तोही पालं गुंडाळून हलायचा.

कोशात ‘हलकेसलके, निरुपयोगी लोक’ असा अर्थ मिळेल, तो तुम्हीच पाहा. मला ओढ आहे ती ‘बुणगे’ची.

फारसीत ‘बुना’ म्हणजे सामानसुमान आणि ‘गाह’ म्हणजे ठिकाण. बुनगाह म्हणजे सामान ठेवायचं ठिकाण, फौजेचं जड सामान जिथे उतरवलं जातं ती जागा. हा ‘गाह’ तुमच्या ओळखीचा आहे. दर्ग्यात तो आहे, ईदगाहमध्ये आहे, आणि आत्ता मी लिहिलेल्या ‘जागा’ या शब्दातही तोच आहे, कारण जागा म्हणजे मूळचं ‘जायगाह’. ‘न’चा ‘ण’ कसा झाला म्हणाल, तर निशानचं निशाण झालं तसा. आणि खरी गंमत पुढे आहे. हाच शब्द आजच्या तेहरानमध्ये ‘बोंगाह’ या उच्चाराने जिवंत आहे आणि त्याचा अर्थ झाला आहे पेढी, संस्था. घर भाड्याने हवं असेल तर माणूस बोंगाहवाल्याकडे जातो. बीबीसीलासुद्धा फारसीत जे लांबलचक नाव आहे त्याची सुरुवात ‘बोंगाह’ने होते. म्हणजे तिकडे दलालाच्या कचेरीपासून नभोवाणीपर्यंत सगळ्यांना जो शब्द सन्मानाने चिकटला, तो इकडे सभेतली शिवी झाला.

एका गृहस्थांनी हा शब्द संस्कृत ‘वणिग्’वरून आला असं चार पानं भरून सिद्ध करून मला पाठवलं होतं आणि वर इतिहासकार वि. का. राजवाड्यांचा हवाला दिला होता. म्हणजे ‘बाजार’ फारसी आणि त्याच्या मागे बसलेला वाणी संस्कृत! अहो, शिवकाळाच्या आधीच्या मराठी पत्रांत फारसी शब्दांचा भरणा केवढा होता हे राजवाड्यांनीच मोजून दाखवलं आहे. त्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून फारसीवर गोळी झाडायची असेल तर निदान त्यांच्या प्रस्तावना तरी वाचाव्यात. लष्कराचा शब्द लष्कराच्या भाषेत शोधायचा असतो, आणि त्या काळी दख्खनपासून दिल्लीपर्यंत ती भाषा फारसी होती. ‘बिनीचा शिलेदार’ घ्या. बिनी म्हणजे फौजेची आघाडी, आणि फारसीत बिनी म्हणजे नाक. पुढे नाक, मागे बुणगे. बिनीवाल्यांचं आडनाव झालं, आजही कुणाला बिनीचा शिलेदार म्हटलं की तो खूश होतो. त्याच रांगेच्या शेवटी चालणाऱ्याच्या नशिबी मात्र शिवी आली.

याच्या उलट अर्थाचा शब्दही जुन्या पत्रांत सापडतो: ‘सडा’. बुणगे मागे ठेवून सडे होऊन जाणे, म्हणजे सामानाचं लोढणं टाकून नुसत्या घोड्यांनिशी धावणे. ‘सडी स्वारी’ ती हीच. बायकापोरांचं पाश नसलेल्याला आपण सडाफटिंग म्हणतो, तिथला सडाही हाच. एका बाजूला सडा, दुसऱ्या बाजूला बुणगे, आणि मधे मराठ्यांचं सगळं युद्धशास्त्र. सभासदाची बखर, जी राजारामाच्या काळात जिंजीला लिहिली गेली, सांगते की शिवाजी महाराजांच्या लष्करात बायको, बटीक, कलावंतीण न्यायला बंदी होती आणि मोडणाऱ्याची गर्दन मारायचा हुकूम होता. ती सडी फौज. अठराव्या शतकात तोफा आल्या, मुक्काम लांबले, मोहिमा वर्षभर चालू लागल्या, आणि फौजेला बुणग्यांवाचून चालेनासं झालं.

आता माझा एक लाडका तर्क. पटला तर घ्या. लक्षात घ्या की ‘बुणगे’ हे आधी सामान होतं, माणसं नव्हती. माझं म्हणणं असं की तो शब्द नपुंसकलिंगी एकवचनी होता, ‘तें बुणगें’, शेवटी अनुस्वार. ‘गाठोडें’ जसं, तसं. मोडीत लिहिताना अनुस्वार सर्रास गळायचा, आणि छापील मराठीतून तो १९६२च्या नियमांनी काढूनच टाकला. अनुस्वार गेल्यावर ‘बुणगे’ दिसायला कसं दिसतं? ‘घोडे’, ‘भाडोत्री गुंडे’ यांच्यासारखं. पुल्लिंगी अनेकवचन! ‘ते बुणगे’. झालं, एका टिंबाच्या अभावी गाठोड्याला हातपाय फुटले. वाचणाऱ्याला वाटलं, हे कुणीतरी लोक असणार. मग त्यांचं एकवचन ‘बुणगा’ ओघानेच आलं. यावर एका मित्राचा आक्षेप असा की सामान आणि ते वाहणारी माणसं यांना एकच नाव पडणं हे कुठल्याही भाषेत घडतं, त्याला टिंबाची गरज नाही. असेल. पण मला टिंब सोडवत नाही.

मग या बुणग्यांत होतं कोण? नालबंद, लोहार, हत्यारांना धार लावणारे शिकलगार, खोगीर शिवणारे जिनगर, चांभार, पाणी वाहणारे पखालजी, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, बेलदार, तंबू ठोकणारे फरास, हुंडी वटवणारे सराफ, धान्य विकणारे वाणी. आता मला सांगा, यातला कोण निरुपयोगी? नाल निखळलेला घोडा घेऊन कोणता शिलेदार बिनीवर जाणार होता?

पानिपताचं तुमचं वाक्य म्हणूनच मला खटकतं. तिथे बिनलढाऊ लोक फार होते हे खरं, आकड्यांवर मात्र इतिहासकारांचं एकमत नाही, त्यामुळे ‘लाखभर’ ठोकून देऊ नका. जड सामान आणि कबिला मागे ठेवा असं भरतपूरच्या सूरजमल जाटाने सुचवलं होतं, ते ऐकलं गेलं नाही, हेही समकालीन वृत्तांतात येतं. पण कबिला म्हणजे सरदारांच्या घरच्या बायका, आणि त्यांच्या सोबतीने निघालेले उत्तरेतल्या तीर्थांचे यात्रेकरू. त्यांना कुणी बाजारबुणगे म्हणत नाही! खापर फोडायचं ते नालबंदाच्या डोक्यावर. उपासमार झाली ती रसद तुटल्यामुळे. गंगा-यमुनेच्या दुआबातून धान्य आणि पैसा पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि पानिपतच्या गोटात अन्नान्न दशा झाली. बाजारातला वाणी धान्य खायला नव्हता आला, विकायला आला होता. त्याच्या पोत्यातच काही उरलं नाही.

१४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर दक्षिणेकडे निघालेलं सावकारी भाषेतलं ते पत्र सगळ्यांना पाठ असतं: दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा यांची तर गणनाच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव हे शाळेतलं पोरही सांगतं. खुर्दा म्हणजे चिल्लर. शिपाईगडी आणि बुणगे त्यात आले. जे पळून सूरजमलच्या मुलखात पोहोचले त्यांना अन्नवस्त्र मिळालं. ज्यांना पोहोचता आलं नाही त्यांतले पुष्कळ गुलाम म्हणून हाकलले गेले. त्यांची नावं कुठल्याही यादीत नाहीत.

आणि बुणगे कायमचे बसले तर काय होतं, तेही पाहा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी टाकली. ती उठलीच नाही. पालांच्या जागी घरं आली, बाजार पक्के झाले आणि त्या भागाला आजही ‘लश्कर’ म्हणतात. त्याच्या वर्षभर आधी, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. तिथून त्याने लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्या छावणीतला बाजार कसा चाले, लोक कसे राहत, सण कसे होत हे त्यात वाचायला मिळतं. बुणग्यांकडे नीट बघणारा माणूस परकाच निघावा, याचं मला जरा वाईट वाटतं.

हो, एकवचनाचं राहिलं. ‘बाजारबुणगा’ म्हणा, चालेल. माझ्या टिंबाशी ते जुळत नाही, पण रूढ झालं आहे. पक्ष सोडून गेलेल्याला मात्र म्हणू नका. बुणगे फौजेच्या मागून चालतात, आणि तो तर पुढे निघून गेला.