सॅकच्या फ्रेमला पाइप कोणता?

प्रश्न : काका, जानेवारीत आम्ही रसाळगड, सुमारगड, महिपतगड सलग करणार आहोत. तंबू, भांडी, शिधा मिळून माझ्या पाठीवर १५ किलो येतील. जुन्या सॅकला बाहेरून फ्रेम घरीच करायची आहे. पडद्याचा स्टीलचा पाइप वाकवून पाहिला, तो चेपला. दुसरा कुठला घेऊ? तापवून वाकवला तर चालेल का?
– एक विद्यार्थी, खेड

उत्तर : पडद्याचा पाइप बाजूला ठेव. त्याचा पत्रा इतका पातळ असतो की बाकाच्या आतल्या अंगाला तो दुमडतो, आणि दुमडला की तिथेच मोडतो. अॅल्युमिनियमचा घे, बाहेरून १९ मिमी, जाडी दीड मिमी. उलट्या यू आकाराची फ्रेम, उंची ७५ सेंमी, रुंदी ३५ आणि चार आडवे दांडे धरले तर सव्वातीन मीटर पाइप लागतो. त्याचं वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. तेवढाच लोखंडी पाइप दोन किलोंवर जातो, शिवाय आपल्या खाऱ्या वाऱ्यात आतून गंजतो आणि तो गंज दिसतही नाही. खिडक्यांचे अॅल्युमिनियमचे सेक्शन विकणाऱ्याकडे ६०६३ ग्रेडचा, म्हणजे खिडक्यांना वापरतात त्या मिश्रधातूचा, गोल पाइप माग.

तापवू मात्र नकोस. तुझ्या वयात मी आच किती झाली ते कळावं म्हणून पाइपाला साबण चोळला, तो काळा पडेपर्यंत ज्योत फिरवली आणि पाइप अलगद वाकला. फार आनंद झाला होता. सुमारगडाच्या चढावर वरचा उजवा कोपरा सॅकसकट बसला, पुढची वाट मी ती छातीशी धरून चाललो. या मिश्रधातूला कणखरपणा कारखान्यातल्या भट्टीत दिलेला असतो. साबण काळा पडेल एवढ्या आचेने तो जातो. परत आणायला ५०० अंशांवरची भट्टी, पाण्यात विझवणं आणि मग काही तासांची मंद आच लागते. घरी ते जमत नाही.

थंडच वाकव, पण बाक मोठा ठेव. फणसाच्या जाड फळीचा ८ सेंमी त्रिज्येचा फर्मा काप, कडेला पाइप अर्धा बसेल अशी खाच कोर. पाइपात वाळू ठोकून ठोकून भर, दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या मार. समुद्राच्या पुळणीवरची वाळू नको, तिच्यातलं मीठ आत राहून अॅल्युमिनियम खातं. नदीची घे, चाळून कढईत कोरडी भाज. टोकं आधी कापू नकोस, जास्तीची लांबी हाताला जोर देते. पाइप थोडा मागे येतोच, म्हणून काटकोनाच्या जरा पुढे ने. जास्त वाकला तर उलटा सरळ करू नकोस, तडकतो. हे सगळं आधी तुकड्यावर करून बघ.

आडवे दांडे प्रथम जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांध आणि वजन भरून दिवसभर वापर. कंबरपट्ट्याचा दांडा कुठे हवा हे पाठच सांगते. मगच भोकं पाड. स्टीलचा बोल्ट वापरलास तर खाली नायलॉनचा वॉशर घाल, नाहीतर खाऱ्या दमटपणात बोल्टाभोवतीचं अॅल्युमिनियम झिजतं. खालच्या टोकांना म्हाताऱ्यांच्या काठीची रबरी टोपणं बसतात. त्यांना तळाशी बारीक भोक पाड, म्हणजे आत पाणी साचणार नाही.