बडोद्याच्या कलाकारांवर पहिला माहितीपट? आधी यादी फाड
तुझी यादी वाचली: फाइन आर्ट्स फॅकल्टी, तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची चित्रं, शिवाय बारा मुलाखती! अरे, दहा मिनिटांत एवढं कोंबलंस तर पर्यटन खात्याची जाहिरात होईल. एकच माणूस निवड. गणपती घडवणारा एखादा मूर्तिकार घे आणि पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच ठेव. चहा पी, गप्पा मार.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- आवाज. चित्र थोडं हललेलं चालतं, आवाज फुटला की प्रेक्षक उठतो. कॉलर माइक लाव, पंखा बंद कर (मे महिन्यात हे जड जातं, म्हणून सकाळी सातलाच पोच). निघताना खोलीतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. एडिटिंगमध्ये सांधे झाकायला तीच लागते.
- प्रत्येक शॉट निदान १० सेकंद स्थिर. नवशिके कॅमेरा उगाच फिरवत राहतात.
- हात, मातीचा गोळा, दाराशी काढलेल्या चपला. हे शॉट कधीच पुरत नाहीत.
- सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकताना दिसते.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सतत "हो, हो, बरोबर" करत होतो. एक वाक्य सुटं कापता येईना! नुसती मान हलव.

तांबेकर वाड्यात शूट करायचंच असेल तर तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड नेण्याआधी परवानगी विचार. लेन्स, रंग, ड्रोन नंतर बोलू. आधी दोन मिनिटांचा तुकडा जोडून मला पाठव.