जाहिरात गेली, माग राहिला

प्रश्न : क्रोममधला यूब्लॉक ओरिजिन हा अ‍ॅड-ब्लॉकर (जाहिराती अडवणारा) बंद पडला आहे. काढून पुन्हा टाकला तर चालेल का, की ब्राउझरच बदलू?

उत्तर : पुन्हा टाकून काही होणार नाही. गूगलने एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी, ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ ही नवी नियमावली आणली, त्यात हा बसत नाही. पूर्वी पानाकडून बाहेर जाणारी प्रत्येक विनंती आधी एक्स्टेन्शनच्या हाती यायची आणि सोडायचं की अडवायचं ते तेच ठरवायचं. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करावी लागते, अडवण्याचं काम ब्राउझर करतो. पहारेकरी हटवला आणि त्याची वही तेवढी ठेवून घेतली, असा हा प्रकार.

मूळ एक्स्टेन्शन बनवणारे रेमंड हिल यांचाच ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ क्रोममध्ये चालतो. रोजच्या जाहिराती त्याने जातात. पण त्याच्या याद्या एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबर येतात, त्यामुळे एखाद्या साइटने युक्ती बदलली की मधले काही दिवस जाहिराती दिसू शकतात.

हे चालणार नसेल तर फायरफॉक्स घ्या. तिथे जुनी पद्धत अजून चालू आहे, अँड्रॉइडवरही. शिवाय एक फायदा सहज लक्षात येत नाही. काही साइट ट्रॅकरला, म्हणजे तुमचा माग काढणाऱ्याला, स्वतःच्याच नावाखाली उपपत्ता देतात. यादीला तो घरचाच वाटतो आणि सुटून जातो. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिनला त्या पत्त्यामागचं खरं नाव डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) तपासता येतं. क्रोममध्ये ही सोय कधीच नव्हती.

टाकताना नावात ‘ओरिजिन’ आहे ना, ते बघा; नुसता ‘यूब्लॉक’ वेगळा. जोडीला दुसरा अ‍ॅड-ब्लॉकर ठेवू नका. अडवलेल्या स्क्रिप्टच्या (पानात चालणाऱ्या कोडच्या) जागी यूब्लॉक कधी कधी निरुपद्रवी नक्कल ठेवतो, म्हणजे पान मोडत नाही. दुसऱ्याने ती विनंती आधीच मारली की पान अडतं, आणि खापर ब्राउझरवर फुटतं. एखादी साइट उघडेनाशी झाली तर एक्स्टेन्शन काढू नका. त्याच्या चिन्हावर क्लिक करून मोठं पॉवरचं बटण दाबा आणि पान रिलोड करा, तेवढ्या साइटपुरता तो बंद होतो.

फायरफॉक्सकडे वळताना पासवर्ड हलवण्यासाठी क्रोममधून सीएसव्ही फाइल काढली असेल, तर फायरफॉक्समध्ये घेतल्याबरोबर ती डिलीट करा, रीसायकल बिनमधूनसुद्धा. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

प्रश्न : ब्रेव्ह ब्राउझरमध्ये ब्लॉकर आतच असतो म्हणतात. भरवसा ठेवावा का?

उत्तर : ब्लॉकर चांगला आहे आणि एक्स्टेन्शन नसल्यामुळे वरच्या नियमावलीचा त्याला त्रास नाही. ज्यांना सेटिंग्जमध्ये हात घालायचाच नाही, त्यांना आम्ही हाच सुचवू. मात्र २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप करताना ब्रेव्ह आपला रेफरल कोड (ग्राहक आपण पाठवला हे सांगून कमिशन मिळवून देणारी खूण) जोडत असल्याचं उघड झालं होतं; बोभाटा झाल्यावर ते थांबलं. ब्रेव्हमधले रिवॉर्ड्स (जाहिराती पाहण्याचा मोबदला) आणि वॉलेट (क्रिप्टोचं पाकीट) लागत नसतील तर त्यांची बटणं लपवून टाका.

प्रश्न : इन्कॉग्निटो वापरतो, जाहिरातीही दिसत नाहीत. मग माझा माग कोणाला लागत नाही ना?

उत्तर : लागतो. इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की तुमच्या यंत्रावरची हिस्ट्री आणि कुकी जातात, एवढंच. इंटरनेट देणारी कंपनी किंवा ऑफिसचं नेटवर्क यांना तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं. आणि लॉग-इन केलंत, की ओळख तुम्हीच दिली.

कुकी नसतानाही स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड असे बारीकसारीक तपशील जुळवून ब्राउझर ओळखता येतो. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशी जुळत नव्हता. म्हणून प्रायव्हसीच्या नावाखाली दहा एक्स्टेन्शन भरू नका. गर्दीत उठून दिसाल. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन ‘स्ट्रिक्ट’ निवडा. ओळखीचे ट्रॅकर तेवढ्याने बरेच अडतात, ठसा मात्र पूर्ण पुसला जात नाही.

प्रश्न : फोनवर जाहिराती अडवणारा डीएनएस लावला, तरी यूट्यूबवर जाहिराती येतातच. काय चुकलं?

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. डीएनएसला फक्त सर्व्हरचं नाव दिसतं, पूर्ण पत्ता नाही. यूट्यूबची जाहिरात आणि व्हिडिओ एकाच नावांच्या सर्व्हरवरून येतात. नाव अडवलं तर व्हिडिओही अडेल. तिथे ब्राउझरमधलाच ब्लॉकर लागतो, आणि त्यासाठी व्हिडिओ अ‍ॅपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये बघावा लागतो.