कॉस्मेटिक माल भरणाऱ्या युनिटला सुरक्षा माहितीपत्रक (एसडीएस, म्हणजे रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं पत्रक) लागतं का? कॉस्मेटिकला यातून सूट आहे असं ऐकलंय.

हो, लागतं. तुमच्या रबाळ्याच्या युनिटमध्ये ड्रममधला नेलपॉलिश रिमूव्हर बाटल्यांत भरतात, तेव्हा ‘हे तर कॉस्मेटिक’ म्हणून सुटका होत नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 वापरणाऱ्या ग्राहकासाठी आहेत. घातक रसायनांबाबतचे 1989 चे नियम वेगळे, आणि त्यातल्या नियम 17 मध्ये माहितीपत्रक आणि डब्यावरचं लेबल दोन्ही सांगितलंय. रिमूव्हरमधल्या अॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे उणे 20 अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडे बारा महिने ठिणगी पुरेशी आहे. मी टीटीसी या ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात सुरक्षेचंच काम बघतो. पुरवठादाराकडून पत्रक मागून घ्याच, पण ते ऑफिसच्या फायलीत ठेवू नका; भरणाऱ्या मुलींच्या टेबलाशी मराठी-हिंदीत लावा.

तुम्ही ऐकलेली सूट अमेरिकेतली. तिथल्या ओशाचा (कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) 1910.1200 हा नियम किरकोळ विक्रीसाठी पॅक केलेल्या सौंदर्यप्रसाधनांना लागू नाही. सलूनसाठीचा व्यावसायिक माल मात्र तिथेही सुटत नाही.

फक्त एक लक्षात घ्या: आपले 1989 चे नियम ज्वलनशील, विषारी किंवा स्फोटक निकषांत बसणाऱ्या किंवा त्यांच्या यादीत असलेल्या रसायनांपुरते आहेत. तयार लिपस्टिक सहसा त्यात येत नाही.