यकृतातील नवी पेशी कुठून आली?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधन-आराखडा दोनदा वाचला. ‘इजेनंतर यकृत मूलपेशींच्या बळावर पुन्हा घडते’ हे तुझे पहिलेच वाक्य तू सिद्ध मानून पुढे गेली आहेस, आणि मी मात्र तिथेच अडलो. मूलपेशी म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी; त्या इथे लागतातच का, हा माझा प्रश्न आहे.

हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदराच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढण्याची जी पद्धत मांडली, ती आजही प्रयोगशाळांतून वापरली जाते. त्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत होते. परंतु काढलेले खंड पुन्हा उगवत नाहीत, तर उरलेले खंड मोठे होतात, आणि हे काम एरवी शांत असणाऱ्या प्रौढ यकृतपेशी स्वतः वाढून आणि विभागून करतात. मूलपेशींवाचून तिथे काही अडत नाही.

प्रौढ पेशींचे विभाजनच रोखले गेले, की चित्र पालटते. एडिनबरा येथील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांत असा अडसर निर्माण केला, तेव्हा पित्तनलिकांच्या पेशींपासून नव्या यकृतपेशी तयार झाल्याचे दिसले. म्हणून ‘मूलपेशी आहेत की नाहीत’ असे न विचारता, कोणत्या इजेत, कोणत्या अडसरामुळे, कोणत्या पेशी पुढे येतात, असे विचार.

एक प्रकरण तू मुळातून वाचावेस, असा माझा आग्रह आहे. टायरोसिन या अमिनो आम्लाच्या विघटनाला लागणारे एक विकर (एन्झाइम) नसल्यामुळे यकृत निकामी होणाऱ्या उंदरांना अस्थिमज्जेतील रक्तजनक मूलपेशी दिल्यावर त्यांचे यकृत सुधारले, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताची मूलपेशी यकृतपेशी बनते, असाच अर्थ त्यातून निघत होता. २००३ मध्ये मात्र दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की दात्याकडून आलेल्या पेशी उंदराच्या यकृतपेशींशी एकजीव झाल्या होत्या आणि सुधारलेल्या पेशींत दोघांचाही जनुकीय वारसा होता. पहिल्या प्रयोगातील निरीक्षण खोटे नव्हते, उंदीर खरोखरच वाचले होते. चुकला तो अर्थ. तुझ्या आराखड्यात दात्याच्या पेशीची खूण, म्हणजे ती पुढे ओळखता यावी म्हणून तिच्यावर बसवलेले जनुकीय चिन्ह, यकृतपेशीत दिसताच ती पेशी रूपांतरित झाली असे गृहीत धरले आहे, आणि नेमकी याच चुकीची वाट पुन्हा उघडी राहिली आहे. एकजीव झालेल्या पेशीत गुणसूत्रांचे जादा संच असतात, पण यकृतपेशींत दोनाहून अधिक संच असणे एरवीही नेहमीचेच असल्याने नुसती गुणसूत्रे मोजूनही हा प्रश्न सुटणार नाही. दाता आणि यजमान या दोघांच्या वेगवेगळ्या खुणा एकाच पेशीत तपासाव्या लागतील.

खुणेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. यकृताच्या प्रत्येक छोट्या घटकाच्या मधोमध असणाऱ्या मध्यशिरेलगतच्या विशिष्ट यकृतपेशीच नित्याची झीज भरून काढतात, असा निष्कर्ष २०१५ मध्ये निघाला होता. २०२० मध्ये निराळ्या पद्धतीने खूण केलेल्या उंदरांत त्यांचा वाटा मर्यादित आढळला. तेव्हा इजा करण्यापूर्वी किती पेशींवर आणि कोणत्या पेशींवर खूण बसली, हे प्रत्येक गटात मोज. माझ्या उमेदीच्या काळात ही मोजणी मी पुढे ढकलली आणि जवळजवळ वर्षभराचे काम मला बाजूला ठेवावे लागले.

सिरोसिसच्या रुग्णाचे व्रणांनी जखडलेले यकृत आणि तरुण, निरोगी उंदराचे यकृत यांत फार अंतर आहे. तुला रुग्णांसाठी काही करायचे आहे, हे तू मनापासून लिहिले आहेस. मग एकच तीव्र इजा न निवडता दीर्घकाळ चालणारी इजाही आराखड्यात घे, वेळ अधिक लागला तरी चालेल.

पहिले वाक्य बदलून, इजेची निवड आणि खुणेची पडताळणी यांविषयी दोन पाने नव्याने लिहून पाठव. मी ती त्याच आठवड्यात वाचेन.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी