१६ वर्षांचा मुलगा रोज ४-५ सिगारेटी ओढतो. सोडायची इच्छा आहे, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते. काय करावं?

तिसऱ्या दिवशी मोडतं, कारण चिडचिड, झोपमोड आणि तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ती उतरत जाते. हा त्याच्या मनाचा कमकुवतपणा नाही, हे त्याला आधी सांगा.

सोडायची तारीख येत्या आठवड्यातलीच ठरवा, फक्त परीक्षा टाळून. तोवर प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा आणि सोबत कोण होतं, हे त्याने मोबाइलमध्ये टिपावं. बहुतेकदा क्लास सुटल्यावरची टपरी आणि तेच दोन-तीन मित्र निघतात. मग निदान पंधरा दिवस तो रस्ताच बदलायचा. एक तलफ साधारण ३ ते ५ मिनिटं टिकते. तेवढा वेळ पाणी घोट घोट प्यायचं, बडीशेप चघळायची, चालत सुटायचं. ‘एकच झुरका’ मात्र नको, बहुतेकांचं तिथेच मोडतं.

निकोटीन गम स्वतःहून आणून देऊ नका. १८ वर्षांखाली तो डॉक्टरांनीच ठरवावा. दिलाच, तर साध्या च्युइंगगमसारखा चघळायचा नाही. जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. भराभर चघळला तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हा पर्यायच नाही: त्यातही निकोटीनच असतं, आणि भारतात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. फोन त्यालाच करू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा.