सुई टोचली, पण रजिस्टरात नोंदच नाही

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. स्टाफ बारा-तेरा जणांचा, पगार नऊ हजार हातात, नेमणुकीची ऑर्डर वगैरे काही नाही. महिन्याभराआधी नाइटला डिलिव्हरी झाल्यावर सुईला कॅप लावता लावता ग्लोव्हजच्या आरपार अंगठ्यात घुसली, रक्त आलं. डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर म्हणे टीटी घेऊन टाक, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसली. पेशंट सुट्टी होऊन गेली. आता मले रात्री झोप येत नाही. उद्या काही निघालं तर हे लोक हात वर करतील. आमच्यासाठी कायदा आहे का काही?

उत्तर: सिस्टर, आधी तब्येतीचं बोलू. टोचलं की साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि दोन तासांत, फार तर ७२ तासांत पीईपीच्या (एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या) गोळ्या सुरू करायच्या, २८ दिवस. ती वेळ गेली, पण एचआयव्हीच्या पेशंटची सुई टोचली तरी लागण साधारण हजारात तिघांनाच होते. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची आहे, पेशंटला तो असेल आणि तुमची लस झाली नसेल तर धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. उद्याच सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात) जाऊन एचआयव्हीची टेस्ट करा, तिथे फुकट होते, हिपॅटायटिस बी आणि सी च्या टेस्टचंही विचारा, मग तीन आणि सहा महिन्यांनी परत. हे रिपोर्ट जपून ठेवा, कारण आज निगेटिव्ह आणि पुढे पॉझिटिव्ह आलं तर कामावरच लागलं हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

आता कायदा. खरं सांगते, नुसती सुई टोचली म्हणून पैसे मिळत नाहीत, आजार झाला किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद पडलं तर भरपाई. दहा किंवा जास्त लोक कामाला आणि पगार २१ हजारांच्या आत, म्हणजे तुमचा ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जायला पाहिजे होता, ईएसआय असेल तर कामावरच्या इजेत बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. नसेल तर १९२३ च्या भरपाई कायद्यातल्या, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या तरतुदींखाली मालकावर दावा, दोन वर्षांच्या आत. दवाखान्यातल्या कामातून लागलेला संसर्ग त्यात कामाचा आजार धरतात.

ऑर्डर नाही म्हणून बसू नका. ड्युटी लिस्टचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, पेशंटच्या चार्टवर तुमच्या हातचं बीपी-टेम्परेचर, सगळं पुरावाच आहे, आजच मोबाईलमधे घ्या (पेशंटचं नाव झाकून). आणि घटना तारीख-वेळेसकट लिहून डॉक्टरांना अर्ज द्या, पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यात हेही लिहा की २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे स्टाफला हिपॅटायटिस बी आणि टिटॅनसची लस, वर्षातून एकदा तपासणी आणि अपघाताची नोंद हे दवाखान्याचंच काम आहे. कॅप परत लावायचीच नसते, सुई हब कटरने कापून पांढऱ्या डब्यात जाते, तो डबा लेबर रूममधे होता का? नसेल तर तेही लिहा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न: ग्रामीण रुग्णालयात काँट्रॅक्टवर आहे. पेशंटच्या नातेवाईकाने थापड मारली. मेडिकल ऑफिसर म्हणतात जाऊ दे, गावची माणसं आहेत.

उत्तर: जाऊ कशाला द्यायचं? महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नर्सवरच्या हल्ल्यालाही लागतो, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र. आधी स्वतःची एमएलसी (पोलीस केससाठी डॉक्टरांनी केलेली इजेची नोंद) करून घ्या, गालावरचा वळ दोन दिवसांत जातो. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या, घेत नसतील तर तीच एसपींना पोस्टाने पाठवा.